नवसागराविना नखं

आष्ट्याच्या अख्तरबीचा नवरा रहिमान दारोदार फिरून भांड्यांना कल्हई करायचा. कल्हईला नवसागर लागतो. तापल्या पातेल्यात चिमूटभर भुकटी टाकली की पांढरा धूर उठतो आणि कथील सरसर पसरतं. त्याच डब्यातली भुकटी अख्तरबी मेंदीत कालवायची, जोडीला थोडा चुना. असा वास सुटायचा की समोर बसलेलीच्या डोळ्यांना पाणी यावं. पण तासाभरात नखं पिकल्या जांभळासारखी काळीतांबडी व्हायची. कातडी भाजू नये म्हणून नखाच्या कडेनं ती आधी गोडं तेल लावायची. तरी एखादीचं बोट सोलून निघायचंच. त्याची तक्रार कुणी केली नाही.

हा खटाटोप नुसता नटण्यापुरता नव्हता. त्या बाजूची चालच अशी, की नव्या सुनेच्या हातावर लग्नाचा रंग दिसतोय तोवर तिला राखेनं भांडी घासायला बसवायचं नाही, शेणात हात घालू द्यायचा नाही. तळहाताची मेंदी दहा-बारा दिवसांत जाते. नखावरचा रंग नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जातो, म्हणजे चांगले तीन-चार महिने. लेक मोठ्या खटल्याच्या घरात द्यायची ठरली की आया अख्तरबीचं घर विचारत यायच्या. पंधरा वर्षं हे चाललं होतं.

एकोणीसशे एकोणपन्नासात दारूबंदी कडक झाली. चोरून दारू गाळणारे गुळाच्या रसायनात नवसागर घालत, म्हणून नवसागरावरही बंधन आलं. रहिमानला कचेरीत नेऊन कागदावर अंगठा घेतला. ठरलेलं माप मिळेल, ते कल्हईलाच वापरायचं. त्यानं घरी येऊन डबा फळीवर ठेवला आणि म्हणाला, "ह्यातलं आता मेंदीला न्हाई."

"चिमटीनं काय हुतंय?" अख्तरबी म्हणाली.

"हुतंय का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. मी अंगठा दिलाय."

"नखाला लावल्यावर दारू चढती व्हय कुणाला?"

"ते सायबाला जाऊन इचार."

तिनं विषय सोडला. मार्गशीर्ष लागेपर्यंत कुणी आलंही नाही.

मग शेजारच्या वाडीची मनुबाई आपल्या विजयमालेला घेऊन आली. लग्न आठ दिवसांवर. मुलगा फौजेत, घर औंधाकडचं. माणसं बावीस, म्हशी सात. सासू साळूबाई. तिच्या थोरल्या सुनेला हळदीच्या अंगानंच गोठ्यात धाडलं होतं, असं मनुबाईला कुणी सांगितलं होतं.

"कसं का असंना, घर खातंपितं हाय," मनुबाई म्हणाली. "पण पोरगी गेल्या म्हयन्यात तापातनं उठलीया. थोडं दिस तरी तिला गावलं पायजेत. तुमी तेवढं काळं कुळकुळीत करा बघा."

अख्तरबीनं पोरीचे हात हातात घेतले. बोटं काडीसारखी, नखं पांढुरकी. "परवा या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रहिमान सांगलीकडं फिरतीला गेला. डबा फळीवरच होता. पिशवीत त्यानं लागेल तेवढी भुकटी नेली होती. दुपारच्या नमाजानंतर अख्तरबीनं डबा खाली घेतला, झाकण काढलं. चमचाभर कमी झालं असतं तर त्याला कळलंही नसतं. अंगठा त्याचा होता, तिचा नव्हता, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण त्याच्या अंगठ्यावरच घरात भाकरी येत होती. आणि वर बघणाऱ्याला माप लागत नाही. तिनं झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला आणि मेंदीचा पाला वाटायला घेतला.

मनुबाई आली तेव्हा तिनं सरळ सांगितलं. "नवसागर न्हाई. नुसत्या मेंदीनं करायचं तर पोरीला तीन दिस हात बांधून बसावं लागंल. रोज नवा लेप, वर एरंडाचं पान. काळं हुईल असं म्हणत न्हाई. तांबडं हुईल."

"तीन दिस? आन् लग्नघरची कामं कोण करणार, तुमी?"

"तुमी करा. एरवी ती करतीया तवा तुमी काय करता?"

मनुबाई हसली नाही. पण पोरीला रोज सकाळी सोडून संध्याकाळी न्यायचं तिनं कबूल केलं.

पहिल्या दिवशी मनुबाई दोनदा डोकावून गेली. "हात सोडून जरा जोंधळं निवडू दे की तिला." अख्तरबीनं सोडलं नाही. पोरीला तिनं आपल्या हातानं घास भरवले. पोरगी लाजून म्हणाली, "मावशी, मला लहान असताना बी कुणी असं भरवलं न्हाई."

"गप खा. हलवू नगं बोटं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी भिंतीला टेकली आणि बांधलेले हात मांडीवर ठेवून झोपून गेली. संध्याकाळी आई न्यायला आली तरी उठेना. मनुबाई तिच्याकडं बघत उभी राहिली आणि त्या दिवशी जोंधळ्याचं काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पानं सोडली. नखं भाजक्या विटेसारखी झाली होती. अख्तरबीनं ती उजेडात फिरवून पाहिली. तिच्या हातचा नेहमीचा रंग तो नव्हता. "एवढंच झालं," ती म्हणाली. मनुबाईनं मान हलवली. लग्न झालं, पोरगी औंधाकडं गेली.

संक्रांतीला विजयमाला माहेरी आली तशी आईला घेऊन अख्तरबीकडंही आली. अंगानं थोडी भरली होती. अख्तरबीनं आधी तिचे हात ओढून घेतले. मुळाशी नख पांढरं फुटलं होतं, वरच्या अर्ध्यावर विटेचा रंग होता. बोटांच्या पेरांत मात्र राखेच्या काळ्या भेगा होत्या.

"कवापासनं?"

"आठ दिस झालं. त्या आधी न्हाई. सासूबाई रोज दारात नेऊन नखं बघायच्या. म्हणायच्या, ह्यो कसला रंग, ह्यो तर नुसत्या घरच्या मेंदीचा. चुलत सासूबाई म्हणल्या, घरचा का असंना, रंग हाय न्हवं. तसा म्हयना गेला. मग मुळाशी नख पांढरं फुटलं तशा सासूबाई म्हणल्या, उरलाय त्यो फिका, त्यो काय रंग न्हवं."

"म्हंजी म्हयना गावला," मनुबाई म्हणाली.

"म्हयनाच," अख्तरबी म्हणाली.

त्या गेल्यावर तिनं मेंदीचा पाटा-वरवंटा धुऊन उन्हात ठेवला. पुढच्या सोमवारी आष्ट्यातलीच एक बाई लेकीसाठी विचारायला आली. अख्तरबीनं आधीच सांगितलं, नवसागर मिळणार नाही, आणि पोरगी पाच दिवस इथं बसेल.

"पाच?" बाई म्हणाली.

"पाच. तिनात रंग कच्चा ऱ्हातोय."