अश्विनीच्या विमानाचं डावं चाक

माझी मुलगी विमान पडून गेली नाही. तापाने गेली.

वर्ष झालं, तरी बोर्लीच्या बाजारात लोक थांबवून विचारतात, विमान पडलं ना तुमच्या पोरीचं?

म्हणून आज तिच्या वर्षश्राद्धाला हे लिहितोय. एकदाच. सगळ्यांनी वाचा.

विमान पडलं नाही. ते आमच्या बंद भातगिरणीच्या शेडमध्ये उभं आहे.

अश्विनी एरोनॉटिकल इंजिनिअर, पुण्याला नोकरी. दोन सीटचं विमान आपल्या हाताने बांधायचं, हे तिने आणि तिच्या मैत्रिणीने, दिघीच्या रेहानाने, कॉलेजातच ठरवलेलं. नोकरी लागल्यावर किट मागवलं, दोघींनी उडवायचं लायसन काढलं, परवानग्यांसाठी चपला झिजवल्या, आणि मग प्रत्येक सुट्टीला दोघी शेडमध्ये.

माझं काम एकच. आत सीटवर बसायचं आणि ती सांगेल तेव्हा लिव्हर वर-खाली करायचा.

या विमानाची चाकं उडाल्यावर पोटात जातात, उतरताना बाहेर येतात. मोटरवर चालणारा पंप तेल ढकलतो, तेल चाकाला ढकलतं. चाक पूर्ण खाली येऊन लॉक झालं की समोर हिरवा दिवा लागतो. तीन चाकं, तीन दिवे.

डावा लागायचा नाही.

म्हणजे कधी लागायचा, कधी नाही. विमान जॅकवर चढवलेलं, ती खाली आडवी पडलेली, केसात ग्रीस. मी कंटाळून म्हटलं, सगळंच नवीन टाक ना.

"नाही बाबा. आधी करंट पोचतोय का बघू, मग तेलाचं. दोन्हीला एकदम हात लावला तर कशाने बरं झालं ते कळणारच नाही."

करंटचा दोष सापडला. चाक लॉक झालं हे सांगणारा छोटा स्विच खाऱ्या हवेने आतून गंजला होता. तो बदलला, दिवा लागला. रेहानाने पेढे आणले.

मग पंख काढून विमान ट्रेलरवर घातलं आणि घाटावरच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं. सुरुवातीला ती चाकं खाली ठेवूनच उडाली. सगळं व्यवस्थित.

ज्या दिवशी पहिल्यांदा चाकं पोटात घेतली, त्या दिवशी मी आणि रेहाना खाली रेडिओ घेऊन उभे होतो. उतरायची वेळ झाली आणि तिचा आवाज आला, "डावा दिवा नाही."

रेहानाने दुर्बीण लावली. या वेळी दिवा खरं सांगत होता. चाक बाहेर आलं होतं, पण अर्धवट. तिरकं लोंबत होतं.

मी तिथेच मातीत बसलो.

तिचा आवाज मात्र घरी भात टाकू का विचारते तसा. म्हणाली, पेट्रोल भरपूर आहे, घाई नाही. तिने लिव्हर पुन्हा वर-खाली करून पाहिला. मग तेलाचा दाब सोडणारा इमर्जन्सी व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे चाकं स्वतःच्या वजनाने पडतात. तरी डावं अडलेलंच. मग वेग कमी करून तिने विमान डावीकडे-उजवीकडे झुलवलं. दोनदा, चारदा, मी मोजलं नाही.

चाक खट्कन बसलं असावं. दिवा लागला.

उतरली. पाणी प्यायली. आणि थेट चाकाखाली आडवी झाली.

डाव्या सिलिंडरमधून तेल पाझरत होतं. आतलं रबरी सील कापलं गेलं होतं. मी विचारलं, शेडमध्ये तर चालायचं की. ती म्हणाली, शेडमध्ये वारा कुठे असतो बाबा? वर वारा चाकाला मागे रेटतो. गळक्या सिलिंडरचा जोर तिथे पुरला नाही.

विमान घरी आणलं. नवी सीलं मागवली.

तेवढ्यात भातलावणी आली. अशू रजा टाकून आली होती, आमच्याबरोबर चिखलात उतरली. नंतर बारीक ताप आला. भिजली असेल, असं सगळ्यांनाच वाटलं. गोळ्या दिल्या. मग डोळे पिवळे दिसले. अलिबाग, तिथून मुंबई.

लेप्टो, चिखलपाण्यातून होणारा ताप. किडन्या गेल्या.

आयसीयूत मला आत सोडलं तेव्हा सीलांचं पाकीट माझ्या खिशात होतं. दाखवलं. तिने हातात घेतलं, बराच वेळ धरलं.

"रेहानाला सांगा, तेल लावून बसव. कोरडं बसवलं की कापतं."

शेवटी काय म्हणाली, असं विचारता ना? हे म्हणाली. पुढे बोलणं झालं नाही.

वर्षभर शेडला कुलूप होतं. अशूची आई त्या बाजूला फिरकली नाही. विकून टाका, एवढंच म्हणायची.

गेल्या आठवड्यात रेहाना आली. सील बसवलं, तेल लावून. मी सीटवर बसलो. चाकं वर गेली, खाली आली, पुन्हा वर, पुन्हा खाली. तिन्ही दिवे प्रत्येक वेळी लागले.

रेहाना चाकापाशी बसून रडायला लागली.

तेव्हा दारात अशूची आई उभी दिसली. किती वेळ उभी होती कोण जाणे. आत आली, रेहानाच्या डोक्यावर हात ठेवला.

"उडव गो तू. हितं ठेवून काय करू मी त्याचं?"

दिवाळीनंतर रेहाना ते उडवणार आहे. अशूची आई बघायला जाणार आहे. मी नाही जाणार. मला जमणार नाही.

आपल्यात घरातून निघणाऱ्याला कुणी "जा" म्हणत नाही. "ये" म्हणतात. अशू, त्या दिवशी मुंबईहून तुला घेऊन आलो, तेव्हा मला दोन्ही म्हणता आलं नाही. वर्षभर आलं नाही.

आज म्हणतो.

जा बाळा. सावकाश जा.

— बाबा