बारा गोळ्या

आत्ती वाचल्या, हे आधी लिहिते. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही आणि राग तर गिळवत नाही.

आत्तींचे सांधे आखडतात. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक जहाल, ती फक्त सोमवारी. दुसरी साधी, ती बाकीचे सहा दिवस. दोन आठवड्यांच्या मिळून जहाल दोन, साध्या बारा. डॉक्टरांनी हे माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही, पण आजवर औषध चुकलं नव्हतं. छापील चिठ्ठीवरचं नाव आणि गोळ्यांच्या पट्टीमागचं नाव शेजारी धरते, एकेक अक्षर चित्रासारखं जुळवते. वेळ लागतो एवढंच.

त्या दिवशी औषधाच्या खिडकीतल्या माणसानं पट्टी कापलीसुद्धा नाही. त्याच्याकडं ट्रेमध्ये आधीच कापून ठेवलेले तुकडे होते. त्यातनंच मोजून दोन पाकिटांत घातले. घेऊन बघते तर दोन्हीतल्या गोळ्या पिवळ्या, बारक्या, आणि मागं नाव कुठंच नाही. नावाचा भाग कुणा दुसऱ्याच्या घरी गेलेला.

मी विचारलं, "ह्यातली सोमवारची कुठली?"

"दोन हायत ती सोमवारची, बारा हायत ती रोजची. दोन आन् बारा कळतंय न्हवं?"

मागची माणसं हसली. एकजण म्हणाला, "मावशी, सरका की, आमालाबी घरी जायाचंय." मी सरकले. माझी चूक शोधायचीच तर ती एवढीच, की मी सरकले.

मंगळवारपासून गोळ्या सुरू केल्या. आठव्या दिवशी आत्तींचं तोंड आलं. उष्णता असेल म्हणून मी सब्जा भिजवून दिला आणि वर गोळीही दिली, माझ्याच हातानं. दहाव्या दिवशी सकाळची गोळी दिल्यावर अंगात ताप भरला, पाणी गिळवेना. रिक्षात घालून कळंब्याहून त्याच दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, जहाल गोळी रोज पोटात गेली आहे.

"गोळ्या कोण देतं?"

"मी."

"शिक्षण?"

"चौथी."

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. काय लिहिलं ते मी सिस्टरना विचारलं. त्यांनी हळूच सांगितलं, "नातेवाईक अशिक्षित, गोळ्यांची अदलाबदल केली." आमचे हे तिथंच म्हणाले, "तुला सांगून कळत न्हाई व्हय?" आत्ती आत सलाईनवर, आणि जो तो मला डोळ्यांनी फाडून खातोय.

रात्रभर वॉर्डाबाहेर बसून मी गोळ्यांचाच हिशेब केला. सकाळी डॉक्टर आले तेव्हा पिशवीतली दोन्ही पाकिटं त्यांच्यापुढं धरली.

"साहेब, ह्यातली जहाल कुठली?"

त्यांनी औषधाच्या खिडकीतल्या माणसाच्या वरच्या बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी गोळ्या पारखून बघितल्या आणि बारा गोळ्यांच्या पाकिटाकडं बोट केलं. त्यात तीन उरल्या होत्या.

"मधला सोमवार सोडून नऊ दिवस ह्यातली दिली. नऊ गेल्या, तीन उरल्या, म्हणजे बारा. तुमच्या चिठ्ठीत जहाल दोनच आहेत. मी अदलाबदल केली असती तर जहाल दोनच गेल्या असत्या. मग बाकीच्या दहा मी कुठनं आणल्या?"

त्या बाई म्हणाल्या, "तुकडे मिसळले असतील." असतील म्हणे. आत्तींच्या तोंडाची सालं निघाली आणि ह्यांचं असतील.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरनी कागद आणला आणि शाईचा पॅड माझ्यापुढं सरकवला. कागदावर अशिक्षित होतं ना.

"मला सही येते. पण आधी ती ओळ काढा."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, कागदावरचं काय घेऊन बसलाय? पेशंट बऱ्या झाल्या ना?"

"कागदावर आहे म्हणूनच. उद्या दुसरा डॉक्टर हेच वाचणार आणि आत्तींना सांगणार. माझ्या हातची गोळी आत्ती घेतील का?"

ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात आत्ती खाटेवरनं बोलल्या. आवाज घोगरा, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला. "घेणार की. तिनं दिली ती गोळी तुमचीच हुती न्हवं, डॉक्टर? का तिनं घरात भाजली?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. डॉक्टर हसले नाहीत. लिहिलेलं खोडता येत नाही म्हणाले, खाली नवीन लिहितो. मी म्हटलं, मराठीत लिहा. त्यांनी लिहिलं, "औषध विभागातून नाव नसलेले तुकडे दिले गेले, जहाल गोळ्या बारा दिल्या." मी ते दोनदा वाचलं, मोठ्यानं, आणि त्याच्याखाली पूर्ण नावानं सही केली.

वरची ओळ अजून तशीच आहे.