मटक्याच्या तळचा चहा

तुमच्या घरातलं कोणतं भांडं तुम्ही कधीच पूर्ण रिकामं करत नाही? तांदळाचा डबा? पिठाचा? असेलच एखादं. तळाशी मूठभर राखायचं आणि त्यावर नवं भरायचं, घरात कशाची वाण पडू नये म्हणून. भानुमतीला नावं ठेवायच्या आधी ते भांडं आठवा.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या भानुमतीच्या घरी हा रिवाज सासूच्या वेळचा. नवरा बाळकृष्ण कापडमिलमध्ये मागावर. एका सकाळी भोंगा वाजला नाही, गेटला कुलूप दिसलं, आणि त्या दिवसापासून रिवाजाचं भय झालं. तेलाची बरणी, मिठाचा डबा, देवाचा दिवा, सगळीकडे ती थोडं थोडं राखून ठेवायला लागली. रिकामा तळ दिसला की तिच्या छातीत धडधडायचं.

कामगारांनी गेटसमोर तंबू ठोकला आणि धरण्यावर बसले. आमचं काय ते ठरल्याशिवाय आतले माग हलवायचे नाहीत, एवढंच म्हणणं. दिल्लीत म्हणे सरकारने सगळा बाजार खुला केला होता. इथे खुलं व्हायचं ते फक्त मिलचं गेट, आणि तेही भंगारवाल्याच्या ट्रकांसाठी. तंबूत माणसं भरलेली असली की ट्रक यायचे, थांबायचे, परत जायचे. तंबू रिकामा दिसला असता तर माग गेले होते, आणि त्यांच्यासोबत मालकाशी बोलायची जागाही.

मे महिना, बाहेर लूच्या गरम झळा. समोरच्या दुकानात काचेचा नवा फ्रिज आला होता आणि त्यात रंगीबेरंगी थंड्याच्या बाटल्या घाम गाळत उभ्या. तंबूतल्यांनी त्या नुसत्या बघायच्या. भर दुपारी ऊन चहा कुणाच्या घशाखाली उतरेना. मग भानुमतीने शक्कल काढली. बिनदुधाचा चहा, साखर सढळ हाताने, वरून लिंबू, आणि निवला की मटक्यात. ओलं फडकं गुंडाळलेला मटका डोक्यावर घेऊन ती रोज तंबूत यायची.

“सूनबाई, समोरच्याचं दुकान बसवणार तुम्ही!” मालोजीकाका ओरडायचे. मालोजीकाका म्हणजे जुने जॉबर, मागावरच्यांचे मुकादम, आणि आता तंबूचे म्होरके. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही ते चार घरांना ऐकवायचे.

“बसलं तर बसलं. आपली मिल बसली तेव्हा तो आला होता का डोळे पुसायला? घ्या, गिलास धरा.”

“मला शुगर आहे ना बाई. मला नुसता वास द्या.”

सगळे हसायचे आणि गिलास पुढे करायचे.

संध्याकाळी तळाशी थोडा चहा उरायचा. तो ती तसाच ठेवायची आणि सकाळी नवा त्यावरच ओतायची. शेजारची बेबी एकदा बोललीच, “अगं, धुवून तर घे तो मटका. वास बघ कसा येतोय.”

“लिंबाचा आहे तो. आणि हे तंबूचं भांडं आहे, बेबी. हे रिकामं केलं आणि तंबू रिकामा झाला, तर तू झोपणार आहेस का ट्रकसमोर?”

बेबीने इंदुरी थाटात हात जोडले. “तुझ्यापुढे कोण बोलणार भिया!”

आधी एक जण पोट धरून घरी गेला. लू लागली, म्हणाले. मग आणखी दोघे, मग रांगच लागली. उलट्या, जुलाब, अंगात ताप. कुणीतरी उठवलं, मालकाच्या माणसांनी नळात काहीतरी मिसळलं. ते सगळ्यांना पटलं, कारण ते पटवून घ्यायला बरं वाटत होतं. भानुमतीलाही पटलं. मग बाळकृष्ण आडवा झाला.

सकाळचा चहा मटक्यात ओतून ती त्याला मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत बसली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. मनातल्या मनात ती मोजत होती, कोण कोण पडलं आणि तंबूत आता कोण उरलं. उरले मालोजीकाका. म्हातारे, वरून शुगरचे, आणि तेच ठणठणीत. नळाचं पाणी तर तेही पितात.

मग ते काय पीत नाहीत?

तिने चमचा वाटीत ठेवला.

ती उठली, फडकं सोडलं आणि ओगराळं मटक्यात घालून वर उचललं. चहा धारेने पडेना. बुळबुळीत तार लोंबत राहिली, मागावरच्या सुतासारखी, हलत होती पण तुटत नव्हती. लिंबाच्या वासाखालून आंबूस भपका आला. रोज नवा चहा ती जुन्या घाणीत ओतत होती, आणि मातीच्या भांड्याने ती घाण अंगात मुरवून ठेवली होती.

मोरीत ओतून टाक, भानुमती, तिचं मन म्हणालं. कुणाला कळणार आहे? नळाचं नाव झालंच आहे. खरं बोललीस तर म्हणतील, हिला मालकाने फोडली. नवऱ्यालाच पाजलंस ना, असंही म्हणतील.

तेवढ्यात बेबी धापा टाकत दारात. “भानू, ट्रक आलेत! तंबूत काका आणि दोघं-तिघं, तीही आजारी, बस. आज घेऊन जातील गं!”

भानुमतीने मटका उचलला तो का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. चहासकट डोक्यावर घेतला आणि धावली. गेटशी ट्रक घुरघुरत होते. मालोजीकाका एकटे हात पसरून पुढे उभे. भानुमती त्यांच्या पुढे गेली आणि दोन्ही हातांनी मटका रस्त्यावर आपटला.

खापऱ्या उडाल्या. मिलच्या गेटसमोर बाईने मटका फोडला! मटका कधी फोडतात ते इंदुरात कुणाला शिकवावं लागत नाही. चाळीचाळीतून बायका कामं टाकून धावल्या. “कोण गेलं? हाय राम, कोण गेलं?” बघता बघता रस्ता भरला. पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, खापऱ्यांकडे बघून त्याने हात जोडले आणि मागच्याला ओरडला, “पीछे ले, यार! मैं नी चढाता इस पे गाडी!”

मालोजीकाका पहिल्यांदाच हळू बोलले. “सूनबाई, आता तोंड उघडू नका.”

तिने नाही उघडलं. ट्रक वळून दिसेनासे होईपर्यंत नाही. मग बोलली, “कुणी गेलेलं नाही. नळाला काही झालेलं नाही. माझा चहा खराब होता. मीच पाजला.”

जे व्हायचं ते झालं. शिव्या पडल्या. एका बाईने अंगावर हात टाकला, तिचाही नवरा आजारी होता. बेबी मध्ये पडली, “नळाला शिव्या देताना मजा येत होती ना? आता हिने खरं सांगितलं तर झोंबलं?” आणि तिथेच खापऱ्यांशेजारी बसली. मग एकेक करून इतर बायकाही बसल्या. पुरुष उठून येईपर्यंत तंबू बायकांनी धरला.

बाळकृष्ण बरा झाला, बाकीचेही झाले. भानुमतीच्या हातचा चहा मात्र बरेच दिवस कुणी घेतला नाही, आणि तिने आग्रहही केला नाही. मग स्टीलची झाकणाची बरणी आणली. रोज उकळत्या पाण्याने धुवायची. निवलेला चहा उगाच बाहेर न ठेवता बेबीकडे नुकत्याच आलेल्या जुन्या फ्रिजमध्ये. त्या दिवशीचा त्या दिवशी संपवायचा, उरला तर फेकायचा, आणि बरणी पालथी घालायची. पहिल्या संध्याकाळी तो कोरडा, चकचकीत तळ बघताना तिच्या छातीत धडधडलंच. तरी तिने ती पालथी घातली.

माग पुढे कधीतरी गेलेच. पण त्या उन्हाळ्यात नाही.

आता तुम्ही उठा. पाहुण्यांसाठी करून ठेवलेला तो गोड चहा, ते सरबत, जे काही तळाशी राखलं असेल, ते ओतून द्या. भांडं उकळत्या पाण्याने धुवा, पालथं घाला आणि रात्रभर रिकामं राहू द्या. भीती वाटेल. वाटू द्या.