हाताशी बोलणारा पत्रा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पस्तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढतायत. मी त्याच शेडमध्ये रंग मारतो. पोचा डोळ्यांना दिसायच्या आधी त्यांच्या तळहाताला लागायचा. डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचे, खडूने गोल करायचे, आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी. हातोडीपेक्षा तोंडच जास्त चालायचं, पण काम असं चोख, की लोक माझ्या रंगाचं उगाच कौतुक करायचे.

गेल्या वर्षापासून मात्र गिऱ्हाइकं परत यायला लागली. उन्हात दारावर लाटा दिसतात म्हणे. भाऊजींनी सगळं खापर गाड्यांवर फोडलं. समोर वीस वर्षांपूर्वीची एक पांढरी गाडी उभी होती. "हा पत्रा आहे का कागद? बोट टेकलं तर आत जातो," ते म्हणाले. "हाताने याच्याशी बोलायचं तरी काय? वडलांच्या काळातली गाडी आण, मग दाखवतो."

मी हो ला हो करायचो आणि त्यांची पाठ वळली की राहिलेल्या पोच्यांत पुट्टी भरायचो. ताईने मला सांगितलं होतं, त्यांच्या शर्टाची बटणं हल्ली रोज सकाळी तीच लावते. "तू काही बोलू नकोस हं," म्हणाली. माझी हिंमत होती कुठे!

मग एक निवृत्त मास्तर खरोखरच तशी गाडी घेऊन आले. साठ वर्षांची, गोलमटोल, दार लावलं की धप्प आवाज. खांबाला घासून पुढचं मडगार्ड चेपलं होतं. पांढरीचं मडगार्ड मी एका हाताने उचललं होतं, हिचं उतरवायला दोघं लागलो. भाऊजींचा चेहरा असा खुलला, की मला भीतीच वाटली.

"मार खाऊनही ही आपला आकार विसरत नाही," ते म्हणाले. "त्या पांढरीला मुळात आकारच नाही, लक्षात काय ठेवणार?"

तीन दिवस ठोकाठोक करून त्यांनी मडगार्ड परत बसवलं. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले, "झालं. मार रंग. पुट्टीचा डबा उघडलास तर याद राख!"

मी हात फिरवला. पुढच्या दिव्याच्या वर वाटीएवढा पोचा तसाच होता. माझ्यासारख्या रंगाऱ्यालासुद्धा लागला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण हात तिथेच रेंगाळला. त्यांनी ते ओळखलं.

"कुठे आहे?"

"दिव्याच्या वर. थोडासाच."

त्यांनी तिथून दोनदा हात फिरवला. मग डोळे मिटले. "माझा हात धर आणि सावकाश ने. पोचा आला की मीच सांगतो."

मी त्यांचं मनगट धरलं. बॉनेटच्या कडेपासून तळहात हळूहळू खाली आणला आणि बरोबर पोच्यात ठेवून थांबलो. ते वाट बघत राहिले.

"चल ना," ते म्हणाले. "थांबलास कशाला? अजून किती पुढे आहे?"