नववी ‘ब’ मधला खिडकीजवळचा बाक

नमस्कार. या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचते, पण विश्वास ठेवून नाही... कॉलेजच्या बसमध्ये वेळ जातो म्हणून. भूत, चकवा असलं आमच्या घरात कोणी मानत नाही. पप्पा म्हणतात, दिवसभर लेथवर उभं राहिलेल्या माणसाला भुताला घाबरायची ताकदच उरत नाही. मीही तशीच. पण एका शनिवारी भर दुपारी जे झालं, ते कोणाला सांगावं हेच कळत नाहीये. म्हणून इथे लिहिते. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे. पप्पा बोम्मसंद्र्याला वर्कशॉपमध्ये आहेत, म्हणून आम्ही बेंगळुरूत. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजीतलं जे काही असेल ते माझ्याकडे येतं. बँकेचा मेसेज, गॅसची तक्रार... आणि माझ्या धाकट्या बहिणीची, प्रणालीची, म्हणजे आमच्या पनूची शाळा. तिच्या पालकसभेलाही मीच जाते.

प्रणाली नववीत, वर्गाची मॉनिटर. मिस वर्गात नसताना जे बोलतील त्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे मॉनिटरचं काम. दसऱ्यानंतर एकदा तिने दीक्षा आणि तिच्या मैत्रिणींची नावं लिहिली, आणि त्यामुळे सगळ्या वर्गाचा पीटीचा तास गेला. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत दीक्षा तिला म्हणाली, “तुला बोलणाऱ्यांची नावं लिहायला आवडतात ना? मग आता तुझ्याशी कोणीच बोलणार नाही. लिही काय लिहायचंय ते!”

आपण कट्टी म्हणतो, त्याला इथली मुलं ‘टू’ म्हणतात. पूर्ण वर्गाने तिच्याशी टू केली. जो बोलेल त्याच्याशीही टू. शेजारी बसणारी मेघना, जी रोज आमच्या आईची चटणी मागून खायची, तीसुद्धा दप्तर उचलून मागे गेली. प्रणालीने काही विचारलं तर मुलं आपापसात म्हणायची, “तुला काही ऐकू आलं?” “नाही रे, पंखा असेल.” आणि हसायची. कोणी मारलं नाही, वस्तू चोरली नाही. मग तक्रार तरी कसली करायची?

जानेवारीपर्यंत प्रणाली घरीही हाक मारेनाशी झाली. पाणी हवं असलं, पेन हवं असलं, तरी नुसती जवळ येऊन उभी राहायची... आपलं लक्ष जाईपर्यंत. एकदा मी मोबाइलमध्ये होते. मान वर केली तर ती समोर उभी. कधीपासून उभी होती, कोण जाणे.

मग तिने शाळेत जायचंच नाही म्हणून सांगितलं. पप्पांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. “पोरगी वाळत चाललीया. शनिवारी तू मिसशी बोलून बघ. न्हाई जमलं तर दाखला काढू आणि मामाकडं पाठवू.” मामाच्या गावात दहावीनंतर कॉलेज नाही. मामाच्या मुलींची दहावी झाल्या झाल्या लग्नं झाली. प्रणालीचंही तेच होणार, हे सगळ्यांना कळलं.

या शाळेची एक पद्धत आहे. पालकसभेला पालकांनी आपल्या मुलाच्या जागेवर बसायचं आणि मुलांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं. मिस नाव घेतात, मग आपण पुढे जायचं. वर्गाच्या दारात प्रणालीने माझी ओढणी धरली.

“ताई, माझ्या जागेवर बसू नको. मागं उभी राहा.”

“का गं?”

“तिथनं ऐकू जात नाही.”

मला वाटलं, पंख्याच्या आवाजाबद्दल बोलतेय. मी आत गेले आणि खिडकीजवळच्या तिच्या बाकावर बसले.

आधी काहीच वेगळं वाटलं नाही. दीक्षाची आई आली, पुढच्या बाकावर बसली आणि मागे न बघता पर्स माझ्या बाकावर ठेवली... माझ्या हातावरच. मी म्हटलं, “एक्स्क्यूज मी, मॅडम.” त्यांनी वळून पर्स उघडली, चष्मा काढला, चेन लावली. माझा हात अजून पर्सखाली होता. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

वर्गशिक्षिका सुमना मिस एकेक नाव घेत होत्या. “प्रणाली?” मी हात वर केला.

“प्रणालीकडून कोणी आलंय?”

मी उभी राहिले. “येस मिस. मी तिची बहीण.”

मिसनी वर्गावरून नजर फिरवली. ती माझ्यावरून गेली... थांबली नाही. “नाही आले वाटतं,” म्हणत त्यांनी तिचं प्रगतिपुस्तक बाजूला ठेवलं.

मी पुन्हा बोलले. मोठ्याने बोलले. मग इंग्रजी सुटलं आणि मी मराठीतच ओरडले, “अहो मिस, मी इथे आहे!” मला माझा आवाज नीट ऐकू येत होता, हे मी शपथेवर सांगेन. घसा दुखायला लागला होता. आणि वर्गात कोणाची मानसुद्धा हलली नाही. एक आजोबा जांभई देत होते. बाकातून बाहेर पडायचं साधं कामही मला सुचेना.  एकच विचार येत होता... आता इथेच राहणार.

खिडकीतून फक्त एक जण माझ्याकडे बघत होतं. प्रणाली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

मुलांना आत यायला मनाई होती, तरी ती आली. सगळ्यांसमोरून चालत येऊन तिने माझं मनगट धरलं आणि मला बाकाबाहेर ओढलं. त्याच क्षणी माझी अर्धी राहिलेली “मिऽऽस!” ही हाक वर्गभर घुमली. सगळे दचकून वळले.

“अय्यो! या केव्हा आल्या?” दीक्षाची आई म्हणाली.

“ओरडताय कशाला? एक तर उशिरा आलात,” मिस म्हणाल्या.

मी सरळ मिसच्या टेबलापाशी गेले आणि बोलले. मोडक्या इंग्रजीत, अध्येमध्ये कन्नड, सगळं सांगितलं. मिसनी ऐकून घेतलं आणि त्या हसल्या. “सरी, सरी... ठीक आहे. नववीत हे व्हायचंच. मुलं आहेत, विसरतील.”

दीक्षाची आई म्हणाली, “मॉनिटर झालं की स्वल्प सहन करावं लागतं हो. माझी दीक्षा तर कोणाशी भांडतसुद्धा नाही.”

“भांडत नाही, आंटी,” प्रणाली म्हणाली. “बोलतच नाही.”

पुढचं मी का बोलले, मला माहीत नाही. “मिस, तुम्ही एकदा इथे बसून बघा. प्लीज.”

लहान मुलाचा हट्ट पुरवावा तशा त्या बाकावर जाऊन बसल्या. काहीतरी बोलल्या... ओठ हलताना मला दिसले. आवाज आला नाही. मला वाटलं, पुटपुटल्या असतील. मग त्यांचं हसू गेलं. ओठ जोरात हलायला लागले. त्यांनी हात वर केला. गळ्याची शीर ताणलेली मला दिसत होती, आणि पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

दीक्षाच्या आईने त्या बाकाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “मिस कुठे गेल्या आता? मला पुढे एचएसआर लेआउटला पोचायचंय.”

मी प्रणालीकडे वळले. तिने लगेच हात पुढे केला नाही. ती शांतपणे मिसकडे बघत उभी होती. मला तिची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, “पनू...” तेव्हा ती पुढे झाली आणि तिने मिसना हात दिला.

मिस उठल्या. घामाने त्यांची कपाळावरची टिकली सरकली होती. पाणीही न पिता त्यांनी सगळ्या मुलांना आत बोलावलं. आईवडिलांसमोर विचारलं, “प्रणालीशी कोण कोण बोलत नाही?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मेघनाने रडत हात वर केला. “मिस, मी बोलले असते तर माझ्याशीपण टू केली असती.” मागोमाग एकेक हात वर गेला. दीक्षाचा सगळ्यात शेवटी. तिची आई काहीतरी बोलायला गेली, आणि मग नुसती पर्सची चेन लावत बसली.

दाखला काढला नाही. प्रणाली शाळेत जाते. फळ्यावर नावं लिहायची पद्धत मिसनी बंद केली. दीक्षा अजून नीट बोलत नाही, पण मेघना पुन्हा शेजारी बसते आणि चटणी मागते. त्या बाकावरून आता ऐकू जातं, असं प्रणाली म्हणते. “बहुतेक वेळा,” असंही म्हणते.

माझी कॉलेजमधली मैत्रीण म्हणते, तुला इंग्रजी बोलायचं टेन्शन येतं, तुझा आवाजच फुटला नसेल. पटतं मला. मी खरंच हळू बोलते. पण मग मिसचं काय? परीक्षेच्या दिवसांत त्या गेटपाशी भेटल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, “त्या दिवशी मी बाकावरून काय म्हणत होते, तुम्हाला ऐकू आलं होतं?” मी म्हटलं, “नाही मिस.” त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. 

परवा मी अभ्यास करत होते. आतून “ताई!” असं ऐकू आलं. मी तशीच उठून धावत गेले. प्रणाली भात वाढून घेत होती.

“काय गं?”

“मी कुठं हाक मारली?”

“मारली नाहीस?”

“नाही.” तिने दुसरं ताट पुढे ओढलं. मग म्हणाली, “पण आलीस ते बरं केलंस. बस ना.”