तांदळाच्या डब्यातला कंप्युटर

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि पेणच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असूनही साधा अर्ज लिहिताना माझा हात थांबतो. तरी आतोबांबद्दल, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांबद्दल, कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या माणसांत लिहू शकणारा बहुधा मी एकटाच आहे, म्हणून धीर करतो. माझं म्हणणं एवढंच, की पेणपासून रोह्यापर्यंत गाडीला माणसाइतका मान देणारा दुसरा मनुष्य नाही. आत्याचं मत थोडं वेगळं आहे. तिच्या मते माणसांना ते बराच कमी देतात.

रोह्याला धाटावच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. गाडी आत आली की आतोबा आधी चपला काढतात आणि मग बॉनेट उघडतात. इंजिनासमोर कुणी वाईट बोललेलं त्यांना चालत नाही. एकदा एका मालकाने स्वतःच्याच टेम्पोला भंगार म्हटलं, तर त्याला त्यांनी हाताला धरून समोरच्या टपरीवर नेऊन बसवलं आणि काम संपेपर्यंत आत येऊ दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "ती ऐकते." हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला कधी किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा एक कंप्युटर असतो, वहीएवढी पत्र्याची पेटी. असे काढलेले कंप्युटर ओल लागू नये म्हणून आतोबा आत्याच्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतात. आत्या भातासाठी माप घालते आणि माप ठण्णकन वाजतं. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे, एखादी गाडी तोडायला निघाली की तिची चावी ते एका जाड नटाला बांधून कुंडलिका नदीत सोडतात. आपण मूर्ती सोडतो तशी, हात जोडून, काठावर दोन मिनिटं उभं राहून. जिच्यावर घर चाललं तिची चावी खिळ्याला टांगून गंजवायची काय, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या बाबांचा एक जुना ट्रक आहे. हंगामात पेणजवळच्या जोहे गावातल्या कारखान्यांतले गणपती मुंबईला न्यायचे, एरवी विटा आणि भात. गेल्या वर्षी बाबा माल उतरवताना ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून पडले. कमरेची नस दुखावली आणि डाव्या पायातला जोर गेला. क्लच दाबता येईना. दिवसभर ओटीवर बसून ते डावा पाय भिंतीला टेकवून दाबून बघायचे. भिंतीवर तळव्याचा डाग पडला. आईने तो कधी सारवला नाही. ट्रक विकायचं बोलणं सुरू झालं तेव्हा आतोबा रोह्याहून आले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि बाबांसमोर बसून म्हणाले, "मेव्हणे, पाय क्लच दाबत नाय ना? मग पायाला कशाला तरास? गाडीचाच क्लच काढू."

त्याच बनावटीचा, पण गिअर आपोआप बदलणारा एक ट्रक त्यांच्याकडे तोडायला आला होता. त्याचा गिअरबॉक्स काढून त्यांनी बाबांच्या ट्रकला बसवला. तीन आठवडे लागले. चालू केल्यावर इंजिन नुसतं गरजायचं, ट्रक पहिल्या गिअरच्या पुढे जाईना. बाबांच्या ट्रकच्या जुन्या कंप्युटरला हा नवा गिअरबॉक्स ओळखीचाच नव्हता. मग आतोबांनी तोडलेल्या ट्रकचा कंप्युटर तांदळातून काढून बसवला. आता तर इंजिन चालूच होईना. इंजिनावर तळवा ठेवून ते एक अख्खा दिवस बसून राहिले आणि शेवटी त्यांनी मला बोलावलं, कारण मी कंप्युटर शिकतो. आमच्या अभ्यासक्रमात ट्रक नाही, असं मी खरं ते सांगितलं. "मग काय शिकवतात रे?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी मोबाइल काढला.

बराच वेळ वाचल्यावर एक गोष्ट कळली. असा कंप्युटर आपल्याच गाडीची चावी ओळखतो. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, ती दिसल्याशिवाय तो इंजिन चालू होऊ देत नाही. मी भीत भीत विचारलं, "आतोबा, त्या ट्रकची चावी कुठं आहे?"

आत्या तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. आतोबांनी नदीच्या दिशेने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाउडस्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. मी काठावर होतो. नट चिकटून वर यायचे आणि नटाबरोबर एकेक चावी. आतोबा प्रत्येक चावी ओळखायचे. ही नागोठण्याची, हिचा ब्रेक लोण्यासारखा. ही माणगावची, चढाला कधी कुरकुरली नाय. नाव घेऊन, तसदीबद्दल माफी मागून, ती चावी पुन्हा खालच्या अंगाला सोडायचे. हसावं की हात जोडावेत ते मला कळेना. तिसऱ्या सकाळी हवी ती चावी मिळाली. ती मेली असणार असं मला वाटलं, पण त्या चिपला बॅटरी लागत नाही. चावी एक दिवस तांदळात राहिली, तोवर आतोबांनी त्या ट्रकचं चावीचं कुलूपही बाबांच्या ट्रकला बसवलं. मग बाबा अनवाणी केबिनमध्ये चढले, चावी फिरवली, आणि इंजिन चालू झालं. बाबांचा डावा पाय सवयीने पुढे गेला आणि क्लच होता तिथली रिकामी जागा दाबून आला. ते आतोबांनी पाहिलं.

आरटीओत बदलाची नोंद झाली, बाबा पुन्हा रस्त्यावर आले. त्यांचा जुना कंप्युटर मात्र आतोबांनी जुन्या चावी-कुलपासकट "मेव्हण्यांचा" अशी चिठ्ठी लावून डब्यात पुरला. पाय बरा झाला की सगळं परत होतं तसं करू, म्हणाले. पायातला जोर परत येणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते आतोबांनाही ठाऊक होतं. तरी दर शनिवारी ते तांदूळ उन्हात घालायचे आणि पेटी पुन्हा पुरायचे. वर्षभर तो डबा त्या एका पेटीसाठीच अडला आणि आत्या तो परत मागत राहिली.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. वडखळला बाबांच्या ट्रकसारखाच एक ट्रक आत पाणी जाऊन बंद पडला होता, कंप्युटर जळलेला. ड्रायव्हर दोन दिवस रस्त्याकडेला बसून होता. आतोबांनी आधी बाबांना फोन लावला आणि त्या ड्रायव्हरची नुसती हकीकत सांगितली, पेटीचं नाव काढलं नाही. बाबाच म्हणाले, "देऊन टाका दाजी. मला आता सवय झाली." मग आतोबांनी चपला काढल्या, पेटी तांदळातून काढून पुसली, हात जोडले आणि चावी-कुलपासकट त्या ड्रायव्हरला दिली.

"मिळाला ना तुला डबा एकदाचा?" मी आत्याला विचारलं.

"मिळाला," आत्या म्हणाली. "घासून उन्हात ठेवलाय चार दिवस. पण काय भरवत नाय रे त्यात."