फिल्टरच्या रिंगांना कोकम

"गो सुलू, वास जायचा सोडून वाढलाय! डोळे नुसते चुरचुरतायत."

फोनवर जुबेदाचाची खोकत होत्या. मी एका दवाखान्यातल्या माशांच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी होते. दुसऱ्या हाताने फोन धरलेला.

"चाची, बादलीत काय घातलंत?"

"काय नाय गो. थोडं आगळ."

आगळ म्हणजे कोकमाचा दाट, आंबट रस. आणि बादलीत होतं ब्लीच. ब्लीचमध्ये आंबट पडलं की क्लोरीनचा वायू सुटतो, आणि तो थेट छातीत जातो.

"बादली तशीच ठेवा! आधी मोरीतून बाहेर या. पडवीत बसा. मी आले."

मी घरोघरच्या आणि हॉटेलांतल्या माशांच्या टाक्या सांभाळते. आधी प्रयोगशाळेत नोकरी होती, ती सुटल्यावर हे सुरू केलं, त्याला आता सतरा वर्षं झाली. तरी त्या दिवशी दवाखान्यापासून राजिवड्याला चाचींच्या घरापर्यंत स्कूटर चालवताना मी स्वतःला अखंड शिव्या घालत होते. कारण चूक माझी होती.

झालं असं होतं. चाची माझ्या गिऱ्हाईक; त्यांच्या घरी नवाब नावाचा मासा आहे. दुकानात त्याला ऑस्कर म्हणतात. आता तो ताटाएवढा झालाय आणि घरात त्याचाच रुबाब चालतो. चाचींची मुलगी निलोफर नोकरीला दोह्याला गेली, त्याआधी तिने तो बोटाच्या पेराएवढा असताना आणला होता. जाताना आईकडून कबूल करून घेतलं, मी येईन तेव्हा हा मला टाकीत दिसला पाहिजे. ती शुक्रवारी यायची होती. आणि त्याच आठवड्यात टाकीतला दुसरा मासा अंगावर जखमा होऊन मेला.

रोग पसरू नये म्हणून मी सोमवारी नवाबला विहिरीच्या पाण्याने भरलेल्या निळ्या पिंपात हलवलं, त्यात हवेचा पंप सोडला. टाकी स्वच्छ केली. मंगळवारी सकाळी फिल्टरच्या रिंगा पातळ ब्लीचमध्ये टाकल्या. रिंगा म्हणजे सिरॅमिकचे छोटे पोकळ तुकडे. त्यांच्या भोकाभोकांत चांगले जंतू राहतात आणि पाण्यातली माशाची घाण संपवतात. मग दवाखान्यातून फोन आला, आमचे मासे वर येऊन तोंड उघडतायत. मी निघताना चाचींना घाईघाईत सांगितलं, "तासाने रिंगा उपसा आणि वास जाईपर्यंत धुवा."

वास जाईपर्यंत! हे काय सांगणं झालं?

चाची बिचाऱ्या धूत बसल्या. वास जाईना. आता, ज्या बाईने आयुष्यभर माशांचा वास कोकमाने मारलाय, ती काय करेल? तिने बरणी काढली.

मी पोचले तेव्हा त्या पडवीत पदराने डोळे पुसत बसल्या होत्या. खोकला थांबला होता, तरी मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. परत येताना चाची एकदम म्हणाल्या, "आगळ घातलं तर त्याचा रंगच उडाला गो. सफेद पडलं. मला वाटलं कमी पडलं, म्हणून आणखी ओतलं."

एवढ्या काळजीतही मला हसू आलं. "सगळी बरणी?"

"अर्धी. घरचं आगळ होतं, जीव तुटला माझा."

रिंगा विहिरीवर नेऊन मी पाण्यामागून पाणी ओतलं. मग ओटी टेस्ट केली. ग्रामपंचायतीचे लोक नळाच्या पाण्याला करतात तीच. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पाणी स्वच्छ राहिलं.

"झालं!" चाची टाळी वाजवून म्हणाल्या. "टाक नवाबला."

"थांबा. या रिंगा जांभ्या दगडासारख्या आहेत. वरून सुकल्या तरी आतलं सोडत राहतात."

रात्रभर त्या साध्या पाण्यात ठेवल्या. बुधवारी सकाळी तेच पाणी तपासलं, तर पिवळंधमक. चाचींचा चेहराच उतरला. पिंपात डोकावून म्हणाल्या, "दोन दिवस खाल्लं नाय त्याने. कुशीवर पडून राहतो. पोरीला काय तोंड दाखवू मी?"

नव्या रिंगा कोल्हापूरहून मागवल्या असत्या तर शनिवार उजाडला असता. मी घरून अँटीक्लोरीन आणलं. चाचींकडे कायम बिनक्लोरीनचं विहिरीचं पाणी, त्यामुळे त्याची बाटली कधी लागलीच नव्हती. नेहमीपेक्षा जास्त मात्रा घातली आणि दिवसभर रिंगा त्यात बुडवल्या. संध्याकाळी चाचींनी पुन्हा नळी पुढे केली.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "औषधाच्या पाण्यात क्लोरीन दिसणारच नाही. आधी धुवायच्या, पुन्हा साध्या पाण्यात रात्र काढायची, मग बघायचं."

"तुझं प्रकरण लग्नाच्या बोलण्यांपेक्षा लांबलं गो!"

गुरुवारी सकाळी थेंब चाचींनीच टाकले. दोघी श्वास रोखून बघत होतो. पाणी पाण्यासारखंच राहिलं. चाचींनी नळी उजेडात धरून तीनदा फिरवली, मगच मान डोलावली.

तरी काम अर्धंच झालं होतं. ब्लीचमध्ये रोगाबरोबर चांगले जंतूही मेलेले. म्हणून माझ्या घरच्या टाकीतला चालू फिल्टरचा स्पंज कापून ओलाच आणला आणि रिंगांच्या मध्ये बसवला. विरजण लावावं तसं. दुपारी नवाबला टाकीत सोडला. तो तळाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून बसला. खाणं दिलं, ढुंकूनही बघितलं नाही.

शुक्रवारी मी काम नसताना गेले. खोटं कशाला बोलू, घरी बसवेनाच. निलोफर नुकतीच आली होती, बॅगा दारातच. ती सरळ टाकीपाशी गेली, बाही वर केली आणि कोलंबीचा तुकडा पाण्यावर धरला.

नवाब फिरला. क्षणभर बघितलं. मग असा काही उसळला की तुकडा गडप आणि निलोफरचा नवा कुर्ता चिंब. चाची हसता हसता रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, आणि या वेळी क्लोरीनचा संबंध नव्हता.

मग निलोफर पाणी प्यायला आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "अम्मी, आगळाची बरणी अर्धी कशी?"

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्या चुकीने." आणि सगळं सांगितलं.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सूचना तोंडी देत नाही, कागदावर लिहून देते. किती वेळ भिजवायचं, किती पाण्याने धुवायचं, कधी तपासायचं. वास हा शब्द त्यात कुठेच नाही. पहिलीच ओळ आहे: ब्लीचमध्ये पाण्याशिवाय काहीही घालू नये, कोकमही नाही.

लोक वाचून हसतात. विचारतात, ब्लीचमध्ये कोकम कोण घालेल हो?

मी सांगते, जिला मी नीट सांगितलं नव्हतं, ती.